फुईच्या चुलीवरची नावं

डुबुकवडे. हा शब्द एकदा सावकाश, मोठ्यानं म्हणून पाहा. घाई करू नका. आधी ओठ पुढे येऊ द्या, मग मिटू द्या, आणि शेवटी जीभ मागे जाऊन क्षणभर थांबू द्या. आता डोळ्यांपुढे बुडाला माती सारवलेलं एक जुनं पातेलं आणा. त्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला पाट्यावर वाटून केलेला रस्सा रटरटतो आहे, वर तेलाचा लाल तवंग हलतो आहे, आणि त्या तवंगाला भोक पाडत बेसनाच्या पिठाचा एक सैलसर गोळा बोटांवरून सुटून आत पडतो आहे. पडताना जो आवाज झाला तेच त्याचं नाव. त्यामागे कुणी राजा नाही, कुणी पंडित नाही. चुलीपुढे बसलेल्या कुण्या बाईच्या कानाला जे ऐकू आलं ते तिनं तसंच उचललं आणि पानात वाढलं.

आमच्या नरडाण्याच्या घरात हा आवाज ज्या हाताचा होता ती माझी फुई. तुम्ही आत्या म्हणता. आमच्याकडे तापीच्या काठानं गुजराथ जवळ, म्हणून असेल कदाचित, वडिलांची बहीण ती फुई. ऐन तारुण्यात ती सासरहून परत आली ती रिकामं कपाळ आणि एक पितळी डबा घेऊन, आणि मग उभा जन्म भावाच्या चुलीपुढे बसली. नरडाणा तुम्ही गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल. शिंदखेडा तालुक्यातलं गाव, एका अंगाला मुंबई-आग्रा रस्ता आणि दुसऱ्या अंगाला सुरत-भुसावळ लोहमार्ग. रात्रभर एकीकडून मालमोटारींची घरघर आणि दुसरीकडून इंजिनाची शिट्टी. या दोन आवाजांच्या मधोमध आमचं धाब्याचं घर होतं, आणि त्या घराच्या मागच्या खोलीत कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर, जिरं तडतडल्याचा वास आणि फुईच्या जुन्या लुगड्याचा, राख नि साबण मिसळलेला वास असे एकात एक गुंतून राहिलेले असायचे की लहानपणी मला ते तीन वास वेगळे आहेत हेच ठाऊक नव्हतं.

डुबुकवड्यांच्या दिवशी ती मला पातेल्याकडे पाठ करून उभी करायची आणि म्हणायची, “आयक.” पहिला वडा पडायचा तेव्हा आवाज खणखणीत यायचा, कारण रस्सा अजून पातळ असायचा, मग वड्यांचं पीठ थोडं थोडं सुटत जाऊन रस्सा दाटायला लागला की आवाज बसका व्हायचा, आणि शेवटचे वडे तर जवळजवळ मुकाट्यानं आत जायचे. रस्सा किती दाटला हे तिला न पाहता कळायचं ते असं. “पानीमा पडस तं डुबुक करस, मंग तेले दुसरं काय म्हनशी?” असं ती विचारायची, आणि खरंच, दुसरं काय म्हणणार? बाहेर श्रावणातला पाऊस धाब्यावर पडत असायचा, आत पातेल्यात वडे पडत असायचे, आणि ती दोन्हींकडे कान देऊन बसलेली असायची.

तिला नावांचा नाद होता. येवल्याकडचं तिचं सासर सुटलं तरी तिथली काही नावं तिच्या जिभेवर राहिली होती. अळूचं फतफतं हे त्यातलं एक. त्या भाजीचा सगळा ढिला, प्रेमळ स्वभाव नावात उतरला आहे असं तिला वाटायचं. भोगीच्या दिवशी हरभरा, वाटाणा, घेवडा, गाजर, वांगं, बोरं असं हाताला येईल ते एकत्र शिजवून जी भाजी होते तिला ती लेकुरवाळी म्हणायची. चुलीजवळून ओट्यापर्यंत पातेलं आणताना ती मोठ्यानं सांगायची, “लेकुरवाळी येई राह्यनी, सरका!” आणि आम्ही भावंडं सरकून वाट करून द्यायचो. तिला मूल नव्हतं. हे सांगायला मला आत्ता जितका वेळ लागला तितकाही वेळ ती त्या नावापाशी कधी अडखळली नाही.

फौजदारी डाळ तर तुम्ही खानदेशात खाल्लीच असेल. या नावाची फोड विचारली की फुई हातातला पळा बाजूला ठेवून सांगायची: तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, पाच जणींना एका हंड्यात कोंडलं, लसणाच्या फोडणीचा फटका दिला, तेव्हा कुठं त्या एका तोंडानं बोलायला लागल्या, याला फौजदारी नाही तर काय म्हणायचं? ही तिची स्वतःची फोड होती आणि मी दुसरी कधी शोधली नाही, मला दुसरी नको आहे.

भाद्रपदाच्या पुनवेला आमच्याकडे भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर मुली जमायच्या, टिपऱ्या नि गाणी व्हायची, आणि गाणी संपली की सगळ्यांचा जीव जिच्यात अडकलेला असायचा ती वेळ यायची: खाऊ ओळखण्याची. झाकणाचा डबा पदराखाली धरून हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते मुलींनी सांगायचं. फुटाणे कोरडे वाजतात, साखरफुटाणे जरा गोल वाजतात, लाडू एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन आपटतो, करंजी घसरते. ज्या घरचा खाऊ लवकर ओळखला जाई त्या घराची त्या दिवशी थोडी फजिती. आमच्या घरी भुलाबाई आली की फुई डब्यात आधी मलमलीचा तुकडा अंथरायची, त्यावर खाऊ, त्यावर पुन्हा तुकडा, मग झाकण. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. मुली थकून जायच्या. शेव म्हणा, चिवडा म्हणा, डबा काही बोलायचा नाही. मग फुई झाकण काढायची आणि गुळाचा, शेंगदाण्याचा, वेलदोड्याचा एकदम वास यायचा, त्या वासासरशी सगळ्या मुली एकाच वेळी ते नाव ओरडायच्या, आणि तिच्या तोंडावर असं समाधान दिसायचं की मला पुढे कुठल्याही बक्षीस-समारंभात तसं पाहायला मिळालं नाही.

कानानं ठेवलेली ही नावं. बोटांनी ठेवलेली आणखी वेगळी. चैत्र-वैशाखात, लग्नं जवळ आली की, दुपारी ओसरीवर सतरंजी अंथरून बायका गव्हले वळायला बसायच्या. रव्याचं घट्ट भिजवलेलं पीठ, त्याचा बारीक दोरा डाव्या हातात, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी त्याचे तुकडे तोडत वळत राहायची. गव्हाच्या दाण्याएवढा वळला तो गव्हला. नखानं हलकेच दाबून खोलगट केली ती नखुली. मालतीच्या कळीची आठवण ठेवून वळली ती मालती. बोटावर गुंडाळून काढलं ते बोटवं. लग्नात या सगळ्यांच्या खिरी व्हायच्या, रुखवतात त्यांची ताटं मांडली जायची, आणि आलेली विहीण आधी त्या ताटांकडे बघून घरातल्या बायकांचे हात कसे आहेत ते जोखायची. मुहूर्ताचे पहिले गव्हले पाच सवाष्णी वळायच्या. त्या उठून गेल्या, की मग फुईनं बसायचं. इतर बायकांच्या बांगड्या त्या लयीत किणकिणायच्या, गप्पांच्या मधून तो आवाज सारखा येत राहायचा. फुईच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे तिच्या बाजूनं काहीच ऐकू यायचं नाही, नुसता ढीग वाढत जायचा. तिच्या नखुल्या सगळ्यांत लहान असायच्या. त्यांच्यावर तिच्या अंगठ्याच्या नखाची कोर उमटलेली असायची, एकीवर नव्हे, साऱ्या ताटभर.

ही नावं सगळ्यांची. पण तुम्हाला सांगायची आहेत ती दुसरीच, जी आमच्या उंबऱ्याच्या बाहेर कुणाला कळली नसती.

घरात कुणी रुसून बसलं की फुई कणकेत गूळ, बडीशेप नि चिमूटभर मीठ घालून गुलगुले तळायची. त्यांना आमच्या घरात गुलगुले म्हणतच नसत. “रुसवा तयू का?” असं ती त्या बंद दाराशी जाऊन विचारायची, आणि तेलात गूळ करपल्याचा तो गडद, गोड वास दाराच्या फटीतून आत जायचा, तेवढ्यावर बहुतेक भांडणं मिटायची. सणाला तेच गुलगुले केले तर ते गुलगुले. रुसव्याला केले तर रुसवा. चव तीच, पीठ तेच. पण आम्हा भावंडांना विचाराल तर दोन वेगळे पदार्थ होते ते.

मग आंधळं वरण. वीज गेलेल्या संध्याकाळी, किंवा शेतातून यायला उशीर झाला की, फोडणीला वेळ नसायचा. नुसतं हळद-मिठाचं वरण भातावर यायचं. “आज आंधयं वरण शे,” ती सांगायची, म्हणजे मोहरी-जिऱ्याचे डोळे त्याला नाहीत. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते जेवायचो. भाताची वाफ, कंदिलाच्या काचेचा तापलेला वास आणि ताटात बोटांनी चाचपडून शोधलेली लिंबाची फोड, हे मिळून ते वरण होतं. दिवे आल्यावर उरलेल्या वरणाला फोडणी दिली की त्याचं नाव जायचं.

आणि सिंगलनी खिचडी. इथं जरा थांबतो आपण, कारण ही माझ्या वडिलांची.

दादा नंदुरबारला मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचे. नंदुरबारची मिरची तुम्हाला ठाऊक आहे. हंगामात तिथल्या पथाऱ्या पाहिल्या तर जमीन लाल आहे असंच वाटतं. दादांच्या सदऱ्याला, टोपीला, हिशेबाच्या पिशवीला, अगदी खिशातल्या नोटांनासुद्धा त्या मिरचीचा खकाणा असायचा, आणि ते दारात आले की आधी आम्हाला शिंका यायच्या, मग दादा दिसायचे. ही गाडी ताप्ती व्हॅली रेल्वेच्या जुन्या मार्गावरची, १९०० च्या सुमाराला सुरतेहून अमळनेरपर्यंत आलेल्या रुळांवरची, आणि ती वेळेवर येईल असं गावात कुणी धरून चालत नसे. म्हणून फुई घड्याळाकडे बघतच नसे. ती धाब्यावर जायची. तिथून स्टेशनच्या पश्चिमेचा सिग्नल दिसायचा, तेव्हाचा तो हाताचा, उंच खांबावरचा लाल हात. गाडीला वाट मिळाली की तो हात खाली पडायचा. तो पडताना दिसला की फुई शिडीवरूनच हाक द्यायची, “सिंगल पडना व!” आणि आई धुतलेले डाळ-तांदूळ फोडणीत टाकायची. चर्र आवाज, लसणाचा वास, मग उकळी. तिकडे गाडी फलाटाला लागायची, दादा उतरायचे, कुणाशी दोन शब्द बोलायचे, हनुमानाच्या पारावर टेकायचे, आणि हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत खिचडी निवायला आलेली असायची. वर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार, बाजूला भाजलेलं बिबडं, वाटीत कढी. हिवाळ्यात अंधार लवकर पडायचा, तेव्हा हात दिसायचा नाही. पण हाताबरोबर सिग्नलचा दिवाही लालाचा हिरवा व्हायचा, आणि शाल गुंडाळून ती तो हिरवा ठिपका बघत उभी राहायची.

सगळ्यांची पानं झाल्यावर ती पातेल्याच्या बुडाची खरवड उलथण्यानं सोडवून घ्यायची. तांबूस, काही ठिकाणी काळी, कुरकुरीत. ते तिचं जेवण. तिला ती मनापासून आवडायची, उरलंसुरलं म्हणून ती खात नव्हती. आम्ही मागितली तर चिमूटभर द्यायची आणि बाकीची ताटलीखाली झाकून ठेवायची. खाताना होणारा तो बारीक कुर्र आवाज अंधाऱ्या खोलीतून यायचा, आणि दादा बाहेरून म्हणायचे, “बाई जेवाले बठनी.”

दादा गेले त्यानंतर घरात खिचडी होत राहिली. पण फुईनं ते नाव पुन्हा घेतलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला अडवलं नव्हतं. “आज काय रांधेल शे?” असं विचारलं तर ती नुसतं “खिचडी” म्हणायची, आणि तिच्या त्या एका शब्दानंतर जी जागा उरायची ती आम्हा सगळ्यांना ऐकू यायची. पुढे तो हाताचा सिग्नलही गेला. रंगीत दिव्यांचे आले, मार्ग दुहेरी झाला, गाड्या विजेवर धावायला लागल्या. ती मात्र दादांच्या माघारी एकदाही धाब्यावर चढली नाही, बिबडे वाळत घालायलासुद्धा नाही, आई जायची.

आता मांड्यांचं सांगते. खापरावरच्या पुरणपोळीला आमच्याकडे मांडे म्हणतात, आणि आखाजीला ते झाल्याशिवाय सण होत नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, शेतावरच्या सालदाराचं साल त्या दिवशी बदलतं, आणि पितरांना घागर भरून त्यांच्या नावानं आगारी टाकेपर्यंत आमच्या घरात आंब्याला कुणी तोंड लावत नाही. कणीक पाणी पाजून पाजून इतकी तिंबायची की ती हातातून ओघळायला लागते. मग पुरण भरलेला गोळा लाटणं न लावता दोन्ही हातांवर घेऊन, झुलवत, फिरवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा, आणि तापलेल्या खापरावर एका हिसक्यात अंथरायचा. खापर म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्याची तापलेली पाठ. फुईच्या हातावर मांडा पसरला की पलीकडचा उजेड त्यातून दिसायचा.

हा फार जुना पदार्थ. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहवला, त्यात मंडक आहे. पण फुईला राजाशी काय करायचं होतं? तिचे मांडे मुक्ताबाईचे. ती गोष्ट तुम्हालाही तोंडपाठ असेल: मुक्ताईला मांडे करायचे होते, विसोबा चाट्यानं कुंभारांना सांगून ठेवलं की या पोरांना खापर द्यायचं नाही, ती रडत घरी आली, आणि ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ तापवली, त्या पाठीवर तिनं मांडे भाजले. पुढं हाच विसोबा नामदेवांचा गुरू झाला, आणि हीच मुक्ताई आमच्या खानदेशात, तापीच्या काठी, १२९७ मध्ये विजेच्या कडकडाटात दिसेनाशी झाली असं वारकरी मानतात. पूर्वीच्या एदलाबादचं नाव आता मुक्ताईनगर आहे ते तिच्यामुळे. दर आखाजीला पहिला मांडा खापरावर पडला की फुई एकच वाक्य बोलायची, कुणाकडे न बघता: “भाऊनी पाठ दिधी म्हनीसन बहीनना मांडा व्हयनात.” दादा ओसरीवर असायचे. ते काही बोलायचे नाहीत. मला वाटतं, त्या घरात ती कुणाच्या आधारानं राहते आहे हे वर्षातून एकदा असं उच्चारून टाकल्यावर उरलेलं वर्ष तिला कधी मिंधं वाटलं नसावं. तिच्या तोंडी दुसरं कुठलंच आभाराचं वाक्य मी ऐकलं नाही.

आमची निम्मी भाऊबंदकी पोटामागे सुरतेला गेली, उधना-लिंबायतला. तिथून येताना चुलतभाऊ उंधियो आणायचा. मडक्यात भाजी भरून, मडकं जमिनीत पालथं घालून, वर जाळ करायचा, म्हणून उंधियो. गुजराथीत ऊंधुं म्हणजे पालथं. हे ऐकून फुई फार खूश झाली होती. पालथ्या भांड्यावर आमचं, पालथ्या भांड्यात त्यांचं, असं म्हणत तिनं तो मिटक्या मारत खाल्ला. बंगाल्यांच्या लेडीकेनीची गोष्ट मी तिला पुण्याहून येऊन सांगितली: गव्हर्नर जनरलची बायको लेडी कॅनिंग १८६१ साली कलकत्त्यात वारली, पण तिचं नाव मिठाईवाल्यांनी पाकात घालून ठेवलं. फुईनं विचार केला आणि विचारलं, त्या बाईला ती मिठाई स्वतः करता येत होती का? नव्हती, म्हटल्यावर तिला त्यात फारसा राम वाटला नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळे तसेच होते, पण शब्द येत नव्हता. ओठ पुढे यायचे, मिटायचे आणि तिथंच राहायचे. मग डाव्या हातानं ती सांगायला लागली. अंगठा नि तर्जनी एकमेकांवर हळू घासली की गव्हल्यांची खीर. गोधडीवर अंगठ्याचं नख रुतवून दाखवलं की नखुल्या. पाचही बोटं खाली सोडून पटकन उघडली, की माझी वहिनी उठून बेसन भिजवायला जायची. तिला तिखट रस्सा गिळवायचा नाही, म्हणून वहिनी पातेलं तिच्या खाटेजवळ, शेगडीवर आणून ठेवायची आणि तिच्या समोर वडे सोडायची. ती मान वळवून कान पातेल्याकडे करायची. आवाज बसका झाला की डावा हात उचलून ‘पुरे’ म्हणायची. शेवटपर्यंत हे तिचं एकदाही चुकलं नाही.

मार्गशीर्षात ती गेली.

आता महामार्गावर ढाबे झाले आहेत, त्यांच्या पाट्यांवर शेवभाजी, पाटोडी, डुबुकवडे अशी नावं मोठाल्या अक्षरांत असतात, आणि मी गाडी थांबवून ते खातेही, चांगले असतात. पण ते आतून तयार होऊन येतात, पडताना ऐकू येत नाहीत. पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात मी केले तर ऐकू येतात, आणि ऐकायला मी एकटीच असते. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० पासून मराठी घरांतून आहे, माझ्याकडे आईची प्रत आहे, हळदीचे डाग पडलेली; वाटी-चमच्याचं माप चोख आहे तिच्यात. रुसव्याचं माप मात्र कुठं असणार? आसोद्याच्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, लेकानं टिपून ठेवलेली त्यांची गाणी पुढल्या वर्षी पुस्तकातून आली आणि त्यांची बोली आज साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. अहिराणीची गत वेगळी. २००१ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे वीस लाखांच्या वर होते, २०११ मध्ये ते साडेअठरा लाखांच्या आसपास आले. त्या साडेअठरा लाखांत फुई होती. सिंगलनी खिचडी म्हणजे काय हे त्या सगळ्यांना विचारलं असतं, तरी ते सांगू शकणारी माणसं आमच्या एका घरातच निघाली असती, आणि आता त्यांतलीही आम्ही थोडी उरलो आहोत. भावाच्या मुलांना शब्द ठाऊक आहे. पण त्यांनी तो हात पडताना पाहिलेला नाही, आणि दादांच्या सदऱ्याची शिंक त्यांना कधी आलेली नाही.

पुढच्या आखाजीला तिच्या नावाची पहिली घागर भरली. दादांच्या घागरीशेजारी तिची, वर खरबूज, सांजोरी. मांडे वहिनीनं केले, तिचा हात आता छान बसला आहे. आगारीसाठी केळीच्या पानावर एकेक वाढून झालं आणि भाऊ म्हणाला, खरवड हवी. त्या दिवशी घरात खिचडी नव्हती आणि कुकरमध्ये खरवड धरत नाही. म्हणून परसात तीन विटा मांडल्या, माळ्यावरून फुईचं जुनं पातेलं काढलं, वहिनीनं बुडाला माती सारवली, मी डाळ-तांदूळ धुतले. पऱ्हाट्यांचा जाळ मोठा झाला. खिचडी शिजून गेली तरी आम्ही पातेलं खाली उतरवलं नाही. तिघंही भोवती उकिडवे बसून वास कुठवर येतो ते बघत होतो, आधी भाताचा, मग भाजलेल्या डाळीचा, मग तो खरपूस, नाकात जाणारा. धूर गल्लीत गेला. शेजारच्या मावशी पदर खोचत घाईनं मागच्या दाराशी आल्या.

“काय करपनं व?”

“काही नही मावशी,” वहिनी उलथणं घेत म्हणाली, “फुईनं जेवन शे.”

मावशींनी पातेल्यात डोकावून पाहिलं, आणि जाळ अजून थोडा चालेल, फुईला काळी लागायची, असं म्हणून त्या तिथंच विटेवर बसल्या.